एक पंक्ती, निरनिराळी ताटे

परदेशी मुलाच्या घरी चार महिने काढावयाचे झाले, म्हणजे आमच्यासारख्या शाकाहारी वृद्धांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हवेचा नव्हे, भाषेचाही नव्हे, तर पंक्तीचा. घरी स्वयंपाक आपल्या पद्धतीचा होतो, तोवर सर्व ठीक. परंतु रविवारी मंडळी बाहेर जेवावयास निघाली, की वडील माणसांनी काय करावे? सोबत जावे, तर आचार सांभाळावयाचा कसा? घरी राहावे, तर आठवडाभर नोकरी करून दमलेल्या सुनेने सुटीच्या दिवशीही आपल्याकरिता स्वयंपाकघरात उभे राहावयाचे काय? कित्येक घरांत हा प्रश्न कोणी बोलून दाखवीत नाही, आणि म्हणूनच तो सुटत नाही.

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे असतात. या शहरी व्हिएतनामी लोकांची वस्ती एक लाखाहून अधिक आहे. व्हिएतनामबाहेरील दुसऱ्या कोणत्याही एका शहरात ती इतकी नाही. १९७५ साली सायगाव पडले, आणि पुढील वर्षांत देशोधडीस लागलेली सहस्रावधी कुटुंबे या किनाऱ्यास लागली. त्यांनी घातलेल्या खाणावळी आज गावभर आहेत. त्यांपैकीच एका साध्या खाणावळीत आमची नातवंडे दर रविवारी जातात. "आजोबा, तुम्ही दोघे का येत नाही?" असे धाकट्या नातीने विचारले, तेव्हा आधी नीट चौकशी करावी व मग काय ते ठरवावे, असे आम्ही योजिले.

चौकशीत जे कळले ते प्रथमदर्शनी उत्साहवर्धक नव्हते. 'फो' नामक जो तांदळाच्या शेवयांचा प्रसिद्ध पदार्थ, त्याचा रस्सा गाईची हाडे कित्येक तास उकळून करितात. मिठाच्या जागी बहुधा मासळी खारवून काढलेला अर्क वापरतात. परंतु याच लोकांत 'चाय' नावाचाही एक आहार आहे. हा शब्द कानाला चहासारखा वाटला, तरी त्याचा अर्थ शाकाहार. तेथील अनेक बौद्ध कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी चाय पाळतात. जे कडक असतात ते कांदा-लसूणही वर्ज्य करितात. कांदेनवमी ठाऊक असलेल्या माणसास यात परके असे काय वाटावे?

तेव्हा आम्ही गेलो. आमच्या सौभाग्यवतींनी सुनेकडून मालकीणबाईंस विचारविले, की रस्सा कशाचा, भांडे निराळे काय, आणि मासळीचा अर्क कोठे कोठे पडतो? त्या बाईंनी राग मानला नाही की हसून उडविले नाही. पांढरा मुळा, गाजर, आळंबी, भाजलेले आले, दालचिनी व बाद्यान यांचा रस्सा वेगळ्या पातेल्यात होतो आणि अर्काऐवजी सोयाबीनचा रस पडतो, असे त्यांनी सांगितले. पलीकडच्या एका चटणीविषयी मात्र "ही तुम्ही घेऊ नका," असे आपण होऊन बजाविले. ज्याच्या घरी व्रत असते, त्याला दुसऱ्याच्या व्रताची अडचण वाटत नाही, हेच खरे.

पुढे आलेल्या वाडग्यात शेवया व रस्सा होता; शेजारी ताटलीत मोड आलेले मूग, लिंबाची फोड, मिरची आणि सब्ज्याच्या जातीचा सुवासिक पाला. ज्याने त्याने हवे तेवढे आपल्या हाताने घालावयाचे. नंतर भाज्या गुंडाळलेल्या पारदर्शक सुरळ्या आल्या. तांदळाचे पीठ कालवून पातळ पसरतात, वाफवितात, उन्हात वाळवितात आणि वाढण्यापूर्वी पाण्यात भिजवून मऊ करितात, ही त्यांची कृती ऐकताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे आपल्या फेण्यांची बहीणच की!" त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले प्रसन्न वाक्य.

आम्हांस अधिक मोह पडला तो तेथील रीतीचा. त्यांच्या भाषेत परक्या माणसासही नात्यानेच हाक मारावी लागते. वाढणारा मुलगा आम्हांस 'बाक' म्हणाला; त्याचा अर्थ बापाचा थोरला भाऊ. शेजारच्या मेजावर एक व्हिएतनामी कुटुंब बसले होते. लहान मुलाने प्रथम आजोबांस, मग आजीस, मग आईबापांस, अशी क्रमाने जेवण्याची विनंती केली आणि मगच स्वतः घास उचलला. ही त्यांची जुनी चाल आहे. मुख्य गोष्ट ही, की त्या आजीपुढे चाय होते आणि इतरांपुढे नव्हते. आजीने कोणाच्या वाडग्याकडे नाक मुरडले नाही, की कोणी आजीस आग्रह केला नाही.

एका पंक्तीत एकाला तूप व दुसऱ्याला तेल वाढणे याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो, आणि तो निंद्यच होय. परंतु ज्याचे त्याचे पथ्य ओळखून वाढणे हा पंक्तिप्रपंच नव्हे. त्यातच खरा आदर आहे. आचार हा ज्याच्या त्याच्या ताटापुरता असावा. पंक्ती सर्वांची असावी. ज्यांची मुले दूरदेशी आहेत अशा वडील मंडळींस आमचे एवढेच सांगणे आहे, की आपला नियम मोडू नका, पण त्या नियमाला घराच्या दाराची कडीही करू नका. नीट विचारावे, मिळेल ते शुद्ध अन्न घ्यावे आणि नातवंडांच्या शेजारी बसावे. स्मृतिकारांनी ज्याच्या बसण्याने पंक्ती पवित्र होते त्यास पंक्तिपावन म्हटले आहे. मात्र त्यासाठी पंक्तीत जाऊन बसावे लागते.