फडताळातला चीन

पुण्यात चिनी जेवण ही नवलाई आहे असं ज्याला वाटत असेल, त्याने संध्याकाळी सातनंतर कुठल्याही पेठेतून एक चक्कर मारून यावी. तांबडा कंदील, पत्र्यावर रंगवलेला ड्रॅगन आणि ड्रॅगनच्या डोक्यावर 'श्री गणेशाय नमः' अशी एखादी तरी गाडी वाटेत भेटतेच. तिथे जे मिळतं त्याचा चीनशी संबंध माझ्या आणि रशियाच्या झाराच्या संबंधाइतकाच निकटचा असतो. 'मंचुरियन' हा पदार्थ तर १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग या कोलकात्याकडच्या आचाऱ्याने जन्माला घातला, असं सांगतात. आलं, लसूण, मिरची परतायची आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतायचा, झालं मंचुरियन! म्हणजे हा गृहस्थ अस्सल मुंबईकर. त्यामुळे पुणेकर त्याला मान देत नाहीत, नुसतेच खातात. मान न देता पुणेकर बरंच काही खातात.

पण हे सगळं उंबऱ्याबाहेरचं. मध्यमवर्गीय घराचा खरा कायदा चालतो तो ओट्यावर, आणि तो कुठेही लिहिलेला नसतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात अंड्याला प्रवेश नव्हता. फारच झालं तर ते मागच्या गॅलरीत, वातीच्या स्टोव्हवर, कान तुटलेल्या एका पातेल्यात उकडलं जाई, आणि ते पातेलं पुढे जन्मभर गॅलरीतच राही. पुढे अंडं हळूहळू आत शिरलं. आधी केकमधून, वेश पालटून; मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर; आणि शेवटी राजरोस, ऑम्लेट होऊन. डोळ्यांदेखत पूर्णत्वाला गेलेली अशी मी पाहिलेली ही एकमेव क्रांती. तिला पंचवीस वर्षं लागली. आमच्या चिरंजीवांनी त्यापुढची क्रांती एका रविवारी उरकायचं ठरवलं.

चिरंजीव २०१८ साली नोकरीसाठी सिंगापूरला गेले आणि २०२३ मध्ये परत आले. जाताना बॅगेत मेतकूट, भाजणी आणि आईने कोंबलेला छोटा कुकर होता. येताना कुकर नव्हता. त्याच्या जागी एक दगडी खल, एक खोलगट लोखंडी कढई आणि कोयत्याएवढा सुरा होता. सुऱ्याकडे बघून सौ. एवढंच म्हणाली, "नारळ फोडायला बरा आहे." या पाच वर्षांत मायलेकरांचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. पहिला प्रश्न "जेवलास का?" उत्तर "हो." दुसरा प्रश्न "काय जेवलास?" उत्तर "भात." हे उत्तर खोटं नव्हतं, पण कोर्टात शपथेवर जे मागतात, तितकं संपूर्णही नव्हतं.

सुरुवात थायी हिरव्या करीने झाली. तिच्या थायी नावाचा अर्थच म्हणे 'गोड हिरवी'. चिरंजीवांनी इंग्रजीत यादी केली आणि हे सगळं कॅम्पातल्या मोठ्या दुकानातून आणावं लागेल, असं जाहीर केलं. कॅम्प म्हटलं की आमच्या घरात आधी खर्चाचा विचार होतो. सौ.ने चष्मा लावून यादी हातात घेतली.

"लेमनग्रास म्हणजे काय रे?"

त्याने फोनवर चित्र दाखवलं. तिने त्याला दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि गवती चहाच्या कुंडीसमोर उभं केलं. तीस वर्षं ती त्या कुंडीतली पात तोडून चहात घालते आहे. फरक इतकाच, की आपण वरची पात घेतो आणि थायी लोक खालचा पांढरा बुडखा. म्हणजे एकाच झुडपावर दोन देश न भांडता नांदू शकतात. असं दृश्य आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही दिसत नाही.

पुढचं नाव गलांगल. चित्रात आल्याचा परदेशी शिकलेला भाऊ दिसत होता. "हे तर कुळिंजन!" सौ. म्हणाली. गवई मंडळी घशासाठी तोंडात धरतात ते. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात सुकलेले तुकडे मिळाले; रात्रभर भिजत घातले. कोथिंबिरीची मुळं हा यादीतला तिसरा चमत्कार. थायी वाटणात पानांपेक्षा मुळांना मान. आम्ही मंडईतून जुडी आणतो ती मुळांसकट आणि घरी आल्याबरोबर पहिली सुरी त्या मुळांवरच चालवतो. आजवर कचऱ्यात टाकलेल्या मुळांचा हिशेब केला, तर निम्म्या बँकॉकला हिरवी करी पुरली असती. मिरचीबद्दल कुणालाच काही शिकवायचं नव्हतं. ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली आणि त्याच सुमाराला सयामात गेली. आता दोन्हीकडची माणसं ती आपल्या पूर्वजांनी लावल्यासारखी खातात.

एका ठिकाणी मात्र गाडी अडली. करीत वरून घालायची पानं आमच्या सब्ज्याच्या जातीची निघाली, ती मिळाली. पण बोलता बोलता चिरंजीव म्हणाले, की थायलंडात मिरची-लसणाबरोबर परतलेल्या खिम्यात मूठमूठ तुळस घालतात. आपलीच तुळस, तीच जात. सौ.ने वृंदावनाकडे पाहिलं. आमच्याकडे द्वादशीला तुळशीचं पान तोडत नाहीत, संध्याकाळी तोडत नाहीत, आणि तोडायचं तर आधी हात जोडतात.

"ते तिकडे," ती म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

बाकी करी तिने जवळपास हिसकावूनच घेतली. सौ.चं माहेर राजापूरकडचं. नारळाचा पहिला जाड रस वेगळा, दुसरा पातळ वेगळा, हे तिला कुणा थायी माणसाने सांगायची गरज नव्हती. चिरंजीव म्हणाले, जाड रस कढईत तापवून त्याला तेल सुटेपर्यंत वाटण परतायचं. 'तेल सुटेपर्यंत' हे दोन शब्द ऐकल्यावर तिचा चेहरा पाहुण्यांत अचानक गाववाला भेटावा तसा झाला. वांग्याच्या फोडी घालून केलेली ती करी आम्ही तिघांनी भाताबरोबर खाल्ली. "आंबट कमी आहे, दोन आमसुलं टाकू का?" एवढीच दुरुस्ती तिने सुचवली. या यशाने चिरंजीवांना धीर आला असावा. मंगळवारी रात्री त्यांनी विषय काढला.

"आई, पुढच्या रविवारी ताउ यू बाक करू या?"

"म्हणजे काय?"

"सोया सॉसमध्ये मंद शिजवलेलं... पोर्क."

मराठी माणसाला अडचणीचं काही सांगायचं असलं की तो इंग्रजीच्या आडोशाला जातो. पण सौ. शाळेत शिक्षिका होती. आडोशाला गेलेली मुलं शोधण्यात तिची नोकरी गेली. "म्हणजे डुकराचं मटण," ती शांतपणे म्हणाली. मग बराच वेळ फक्त पंखा फिरत होता. हा मुलगा घरातून गेला तेव्हा शाकाहारी होता.

मग त्याने सांगितलं. पहिली दोन वर्षं लिटल इंडियात डोसे-इडल्यांवर निभली. २०२० साली ७ एप्रिलपासून सिंगापूरने टाळेबंदी केली. तिकडे तिला 'सर्किट ब्रेकर' म्हणत. ऑफिस खोलीत आलं. खाणावळींत बसून जेवणं बंद झालं. आमचा बाबा आळशी आणि धास्तावलेला. ब्रेड आणि केळ्यांवर दिवस काढू लागला. कुकर होता, पण एकट्यासाठी त्याची शिट्टी ऐकवेना, असं म्हणाला. त्याची घरमालकीण पंचाहत्तरीची चिनी विधवा. तिची भाषा होक्कीएन, याला येते मराठी. तिने तीन आठवडे कचऱ्याच्या डब्यात ब्रेडची वेष्टनं मोजली आणि एका रविवारी दार ठोठावून वाडगा पुढे केला. तिला इंग्रजीतला जो एक शब्द नीट येत होता तो तिने वापरला, "ईट." वाडग्यात काय आहे हे याला कळलं होतं. तिचा चेहरा बघून नाही म्हणवलं नाही. त्यानंतर दर रविवारी वाडगा आला, पुढे त्याने तो करायलाही शिकून घेतला.

त्या महिन्यांत रोज रात्री फोन होत होता. "काय जेवलास?" "भात."

पुढचे दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. शुक्रवारी सकाळी सौ.ने माळ्यावरून एक जुनं जर्मनचं पातेलं काढलं आणि अटी सांगितल्या. शिजवायचं गॅलरीत, विजेच्या शेगडीवर. आणायचं बापलेकांनी कॅम्पातून, आणि पिशवी दुसरी वापरायची. "आणि मी हात लावणार नाही."

रविवारी दहा वाजता शेगडी पेटली. चिरंजीवांनी खडीसाखर वितळवायला ठेवली. ती तांबूस झाली की मांसाचे तुकडे, मग काळा सोया सॉस, सोलायच्या भानगडीत न पडता टाकलेल्या लसणाच्या पाकळ्या, उकडलेली अंडी. सौ. स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून तांदूळ निवडत होती. तिची पाठ मी पस्तीस वर्षं वाचतो आहे. ती ऐकत होती.

"करपतेय साखर," पाठ म्हणाली. खरंच करपत होती.

मग दालचिनी पडली, चक्रीफूल पडलं, आणि झाकणाखालून तो वास आला. सौ.ने मान वळवली. "हे बाद्यान आहे."

"स्टार अनीस," चिरंजीव.

"बाद्यान," ती म्हणाली, आणि फडताळातून गोड्या मसाल्याचा डबा काढून त्याच्या नाकाखाली धरला.

त्या डब्याकडे मी प्रथमच नीट पाहिलं. आमच्या घराण्याचा तो शुद्धतेचा शेवटचा बुरूज. आमटी त्याची, मसालेभात त्याचा, भरली वांगी त्याची. आणि त्यात कोण कोण बसलेलं! बाद्यान ऊर्फ चक्रीफूल, ते मूळचं दक्षिण चीन-व्हिएतनामकडचं. दालचिनीने तर स्वतःच्या नावातच पत्ता लिहून ठेवला आहे. फारसीत 'दार-ए-चिनी' म्हणजे चीनचं लाकूड. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हे सेचवानच्या जीभ बधिर करणाऱ्या मिऱ्याचं चुलत भावंड. पिढ्यान् पिढ्या पुरणपोळीबरोबर आम्ही जी कटाची आमटी ओरपतो, तिच्या पोटात चीन निमूट बसलेला होता.

त्यानंतर जे झालं ते अटींत बसत होतं, कारण सौ.ने कशालाही हात लावला नाही. तिने फक्त सांगितलं. नैवेद्याचा स्वयंपाक चव न घेता करायचा असतो. पन्नास वर्षं ती तो करते आहे आणि देवाने कधी मीठ मागितलेलं नाही. ती दारात उभी राहून नाकाने स्वयंपाक करू लागली. "आच कमी कर. अजून कमी. गुळाचा खडा टाक. झाकण तिरपं ठेव. आता मीठ." मिठाला वास नसतो असं विज्ञान म्हणतं, पण विज्ञानाने कधी सोवळ्यात पुरणावरणाचा स्वयंपाक केलेला नाही. सुंग राजवटीतला कवी सू तुंग-पो (१०३७ ते ११०१) याचंही डुकराच्या मांसाबद्दल हेच मत होतं: पाणी थोडं, आच मंद, घाई नाही. त्या मांसाच्या पदार्थाला चीनमध्ये आजही त्याचं नाव आहे. आपल्याकडे कवीचं नाव रस्त्याला देतात, आणि मग रस्ता खणतात.

पावणेबाराला वरच्या मजल्यावरून हाक आली. वर निवृत्त गृहस्थ राहतात. कांदा-लसूणही वर्ज्य, आणि सोसायटीत शुचिर्भूततेबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. मी गॅलरीतल्या पातेल्यासमोर, त्याला झाकायला, रुंद होऊन उभा राहिलो.

"वहिनी, काय सुरेख वास येतोय! आज कटाची आमटी वाटतं?"

सौ. खोटं बोलत नाही. "मसाला तोच आहे, भाऊजी."

"मग वाटीभर पाठवा की!"

क्षणभर मला सोसायटीचं भवितव्य स्पष्ट दिसलं. "संध्याकाळी पाठवते," सौ. म्हणाली, आत गेली आणि पावशेर हरभऱ्याची डाळ भिजत घातली. त्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळी पुरणपोळी झाली, हा डुकराच्या मांसाचा आमच्या धर्मकृत्यांवरचा पहिला परिणाम. वरून निरोप आला, की सकाळचा वास जास्त खमंग होता.

दुपारी चिरंजीव गॅलरीत, पाटावर, वाडग्यात भात घेऊन बसले. मी काय केलं ते विचारू नका. पातेलं मी घासलं एवढं सांगतो. सौ. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली होती. तो जेवताना ती त्याच्या हाताकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी.

"त्यांच्यासारखं झालंय का?"

"त्यांचं थोडं गोड असतं."

"मग तेव्हाच सांगायचंस. खडा वाढवला असता." मग थोड्या वेळाने, "एकट्याच असतात का त्या?"

"हो."

"रविवारी आता कुणाला देतात?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने भात संपवला.

आठवड्याभरात सौ.ने ताजा गोडा मसाला केला. पाव किलो वेगळा काढला, तीन पिशव्यांत बांधला आणि चिरंजीवांना पत्ता घालायला लावला. त्या आजींचा निरोप महिन्याने आला, नातवाकडून इंग्रजीत लिहवून घेतलेला. मसाला मांसात घालून पाहिला, चांगला आहे. मात्र त्या चांदणीच्या फुलाचं प्रमाण कमी पडतंय.

सौ.ने निरोप दोनदा वाचून घेतला.

"त्यांना कळव," ती म्हणाली, "आमटीला एवढंच लागतं."