राम राम, सायकलवाले!

सायकल चालवायला शिकवणारे घरोघरी असतात. पण रस्त्यात समोरून दुसरा सायकलवाला आला तर नेमकं काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. घरी नाही, शाळेत नाही आणि आमच्या आठ सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये तर नाहीच नाही. हात वर करायचा? मान हलवायची? 'गुड मॉर्निंग' म्हणायचं की 'राम राम'? की तोंडाला कुलूप लावून, नजर पुढच्या चाकावर ठेवून सरळ निघून जायचं?

आमच्या होस्टेलचे आम्ही चौघं गेली दोन वर्षं आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत सायकलवर जातो. रविवारी अंगात जोर असेल तर पुढे डोणजे, गोळेवाडी आणि मग घाट. (सबमिशनच्या आठवड्यात हा जोर आपोआप कमी होतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.) एवढ्या फेऱ्यांनंतर या विषयावर थोडंफार बोलायचा हक्क आम्हांला पोचतो, असं मला वाटतं.

तर मंडळी, पहिला मुद्दा असा की, सायकलवाले एकमेकांना नमस्कार करतात ते संख्येने थोडे असतात म्हणून. आमच्या वर्कशॉपमधल्या एका काकांना मी विचारलं, "काका, तुमच्या काळात पुण्यात सायकलीच सायकली होत्या. तुम्ही एकमेकांना हात करायचात का?" काका हसत सुटले. म्हणाले, "अरे, खडकीच्या फॅक्टरीची शिफ्ट सुटली की रस्ताभर नुसत्या सायकली. हात करत बसलो असतो तर हँडल धरलं कुणी असतं?" नेदरलँड्समध्ये आजही तेच. तिथं माणसं पावणेदोन कोटींच्या पुढे आणि सायकली दोन कोटींच्या वर. तिथं प्रत्येक सायकलवाल्याला हात करणं म्हणजे आपण लक्ष्मी रोडवर गणपतीच्या गर्दीत प्रत्येकाला नमस्कार करत चालण्यासारखंच. पहाटे साडेपाचला धायरी फाट्याच्या पुढे मात्र मागून डंपर, समोरून टेम्पो आणि मध्ये आपण एकटे. अशा वेळी समोर एक डुगडुगता दिवा दिसला की जीवाला बरं वाटतं. हात आपोआप वर जातो.

हे काही सायकलवाल्यांचंच नाही. एस.टी.चे दोन ड्रायव्हर घाटात समोरासमोर आले की हात वर करतात. वारीत कुणीही कुणाला 'माऊली' म्हणतं आणि पायाला हात लावतं, समोरचा वयाने लहान का असेना. गड चढताना वरून उतरणारा हमखास सांगतो, "आलंच, दहाच मिनिटं!" ती दहा मिनिटं पाऊण तासाची असतात, हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. पण ते ऐकल्यावर पाय उचलतो की नाही? वाट अवघड असली की वाटेवरची माणसं एकमेकांची होतात.

आता थोडं गणित. मेकॅनिकलवाल्याने लेख लिहायचा आणि त्यात गणित नाही, हे शोभत नाही. समजा दोघं समोरासमोर ताशी २५ किलोमीटरने येताहेत. सापेक्ष वेग ताशी ५०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ४० मीटरवर एकमेकांचा चेहरा दिसला तर हातात उरतात तीन सेकंदसुद्धा नाहीत. एवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, हात उचलायचा आणि परत हँडलवर आणायचा! म्हणून समोरासमोर छोटाच नमस्कार बरा. उलट घाटात आपण ताशी ८ने रखडत असतो आणि एखादा ताशी १०ने मागून येतो. सापेक्ष वेग ताशी २ किलोमीटर. त्याचं पुढचं चाक आपल्या मागच्या चाकाला आल्यापासून तो पूर्ण पुढे जाईपर्यंत सहा-सात सेकंद जातात. सहा सेकंद शेजारी शेजारी धापा टाकायच्या आणि एक शब्द बोलायचा नाही, हा प्रकार व्हायव्हाच्या एक्स्टर्नलसमोर गप्प बसण्यापेक्षाही अवघड आहे.

यातून आमच्यापुरते काही नियम तयार झाले. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने आधी बोलावं. घंटी वाजवावी, "उजवीकडून येतोय" म्हणावं आणि जाता जाता "चला!" म्हणावं. म्हणजे मागे राहिलेल्यालाही वाईट वाटत नाही. न विचारता कुणाच्या मागे चाकाला चाक लावून वारा चुकवत राहू नये. त्याने अचानक ब्रेक दाबला तर दोघंही रस्त्यावर. घाट उतरणाऱ्याने हात अजिबात सोडू नये. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तेव्हा उतारावर नुसती मान हलवावी. चढणाऱ्याजवळ मान हलवायचंही त्राण नसतं, त्याने हँडलवरचं एक बोट उचललं तरी तो साष्टांग नमस्कार समजावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रस्त्याच्या कडेला कुणी सायकल उलटी करून बसला असेल तर हात करून पुढे जाऊ नये. थांबून विचारावं, "सगळं ठीक ना? पंप हवाय का?" हा खरा नमस्कार. बाकीचे सगळे त्याची प्रॅक्टिस.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे. सायकलवाला म्हणायचं कुणाला?

आमच्या रस्त्यावर एक रीत दिसते. हेल्मेटवाला हेल्मेटवाल्याला हात करतो, गिअरवाला गिअरवाल्याला. पण त्याच रस्त्यावर पेपर टाकणारी मुलं असतात, हँडलला डबा अडकवून कामाला निघालेली माणसं असतात. त्यांची काळी सायकल आमच्या सायकलींपेक्षा दुप्पट जड असते आणि तिला एकही गिअर नसतो. खरं तर व्यायाम त्यांचाच जास्त होतो. पण त्यांना कुणी हात करत नाही.

माझा रूममेट पंढरपूरकडच्या एका खेड्यातला. त्याच्या गावाकडे वाटेत भेटेल त्याला राम राम करायचा, एवढंच त्याला माहीत. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात समोरून येणाऱ्या एका मफलरवाल्या काकांना त्याने मोठ्याने "राम राम!" घातला. काकांनी चालत्या सायकलवर मागे वळून पाहिलं. हा नमस्कार मागच्या कुणाला तरी आहे, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी हँडलवरचा हात उचलला. पुढे आम्ही सगळेच त्यांना हात करू लागलो. ते एका सोसायटीत वॉचमन, सहाची ड्युटी. महिन्याभरात अशी वेळ आली की आमच्यातला एक जण झोपून राहिला तर काका समोरून ओरडत, "आज तिघंच?" आमची एवढी काटेकोर हजेरी कॉलेजातसुद्धा कुणी घेत नाही!

गेल्या नोव्हेंबरात काका दिसेनासे झाले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी धरणाजवळच्या चहावाल्याला विचारलं, तेव्हा कळलं. पहाटेच्या अंधारात एका टेम्पोने त्यांना मागून उडवलं होतं. पाय मोडला होता. सायकलच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर कधीच फुटून गेलेला, मागे दिवा नाही. टेम्पोवाला थांबलाच नाही. त्या दिवशी परत येताना आमच्यात कुणी फारसं बोललं नाही. आम्हांला त्यांचं नावही माहीत नव्हतं, पण ते नाहीत हे चौथ्या दिवशीच जाणवलं होतं.

अडीच महिन्यांनी काका पुन्हा दिसले. पाय किंचित फेंगडा पडत होता, पण सायकल तीच. तोवर आम्ही वर्गणी काढून एक लाल लुकलुकता दिवा घेऊन ठेवला होता. चहाच्या टपरीपाशी त्यांना थांबवलं आणि तो कॅरिअरला घट्ट बसवून दिला. काका संकोचले. म्हणाले, "एवढा खर्च कशाला केलात? तुम्ही तर मला रोज बघताच की."

रूममेट म्हणाला, "आम्ही बघतोच काका. टेम्पोवाल्यानं बघायला पाहिजे."

तेव्हापासून मला या नमस्काराचा अर्थ थोडा समजल्यासारखा वाटतो. हात वर करणं म्हणजे 'तू मला दिसलास' एवढंच सांगणं. रस्त्यावर, विशेषतः अंधारात, न दिसण्यानेच माणूस मरतो. आणि ज्याला आपण रोज पाहतो, तो एक दिवस नसला तर ते आपल्याच लक्षात येतं. दुसरं कोण विचारणार?

आपल्या होस्टेलच्या गेटपाशी रोज सकाळी सहा-सात काळ्या सायकली लागतात. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या मुलाची एक, माळीकाकांची एक, बाकीच्या सफाईवाल्यांच्या. ही मंडळी आपल्याआधी दोन तास उठून, आपल्यापेक्षा जास्त किलोमीटर चालवून येतात. त्यांच्यातल्या कितींच्या सायकलला मागे लाल दिवा आहे, हे उद्या नाश्त्याला जाताना जरा पाहा. आम्ही मोजले. एकाच सायकलला आहे. तेव्हा या सेमिस्टरला वर्गणीचा डबा आमच्या खोलीच्या दाराशी ठेवलेला आहे. एका दिव्याला कॅन्टीनच्या काही चहा-वडापावांएवढेच पैसे लागतात.

आणि ज्यांच्याकडे वर्गणीला पैसे नसतील (महिनाअखेरीस तो आपल्या सर्वांचाच प्रश्न आहे), त्यांनी निदान गेटवर हात तरी वर करावा. पहिल्या दिवशी समोरचा मागे वळून पाहील. पाहू द्या. तिसऱ्या दिवशी तोही हात करील.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी