नाव गाळले म्हणजे झाले काय?

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाचा निम्मा काळ रकाने भरण्यात जातो. बारडोली रस्त्यावरील आमच्या कडोदऱ्यात मिलच्या कामासाठी आलेली खानदेशी कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या मुलांची जन्मतारीख, जात, अपंगत्व असल्यास तेही आम्ही लिहून घेतो. ‘यू-डायस प्लस’ या सरकारी प्रणालीत 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. ती भरताना एका माउलीने आम्हांस विचारले, “गुरुजी, हे समदं वाचणार कोण?”

2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून हिंडताना या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार असे. व्यक्तीची नोंद कोणासही पाहावयास मिळणार नाही, ही हमी 1948 च्या जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमात आहे. त्या विश्वासावर लोक दार उघडीत. शाळेच्या रकान्यांविषयी तितक्या ठामपणे सांगणे आम्हांस जड जाते.

संशोधनास आमचा विरोध नाही. मुले शाळा का सोडतात, हे मोजल्यावाचून कळणार कसे? पण अशी माहिती अभ्यासकांस देताना ‘नावे गाळली आहेत’ एवढ्यावर समाधान मानले जाते, आणि खरी मेख तेथेच आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1990 नंतरच्या दशकात सरकारी नोकरांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी खुल्या केल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक मतदार यादीशी ताडून पाहिले, आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली.

वाचकहो, परप्रांतात राहणाऱ्या आपणां मराठी माणसांस हा धोका अधिक आहे. ‘इयत्ता सातवी, मुलगी, मातृभाषा मराठी, कर्णबधिर’ एवढे चार रकाने वाचले, तर चाळीतले पोरही तिचे घर दाखवील. बहुसंख्यांतला माणूस गर्दीत लपतो. थोडक्यांना लपावयास गर्दीच नसते.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मात्र संशोधन व सांख्यिकी यांस सूट ठेवण्यात आली. त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेऊ नये, ही अट तिला जोडलेली आहे. अट योग्यच, परंतु ओळख फुटल्याने होणारी मानहानी तिने टळत नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. जेथे संख्या चार-दोनच भरते, ते रकाने एकत्र करून द्यावेत. अभ्यासकाने सरकारी कचेरीतच बसून काम करावे, प्रत घरी नेऊ नये. आणि ज्यांची माहिती दिली, त्यांस ती कोणाकडे व कशासाठी गेली, हे त्यांच्या भाषेत कळवावे. घरोघरी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव आहे. ती दुसऱ्याच्या हाती देताना ठेवीदारास निदान विचारावे, एवढी रीत तर गावचा सावकारही जाणतो.