पावती आणि नोंद

शासकीय कार्यालयांच्या संगणकीकरणाची चर्चा बहुधा किती यंत्रे घेतली आणि किती कार्यालये जोडली या आकड्यांतच संपते. परंतु नागरिकाच्या हाती पावती पडते, त्या क्षणी त्याची नोंद नेमकी कोठे असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्राबाहेरील एका राज्यात दस्त नोंदणीच्या कामाशी माझा संबंध आला, तेव्हा या प्रश्नाला मला सामोरे जावे लागले.

तक्रार साधी होती. गर्दीच्या वेळी दर पाच मिनिटांनी सर्व खिडक्यांवरील काम एकदम थिजत असे. प्रोसेसर रिकामा, नेटवर्क सुस्थितीत, तरीही रांग जागची हलत नसे. उपाय दोन सुचवले गेले. पहिला, नवा सर्व्हर घेणे. दुसरा, पोस्टग्रेस डेटाबेसमधील 'एफसिंक' बंद करणे. हा एका ओळीचा बदल होता, खर्च शून्य आणि परिणाम तात्काळ! साहजिकच दुसऱ्या उपायाकडे अनेकांचा ओढा होता.

एफसिंक म्हणजे काय, हे कारकुनी भाषेत सांगतो. लिनक्सला मजकूर लिहावयास दिला की ती 'लिहिले' असे उत्तर देते खरे, पण मजकूर तेव्हा स्मृतीतच असतो. आलेले टपाल टेबलावर ठेवून आवक नोंदवही सवडीने भरावी तसा. एफसिंक म्हणजे 'आत्ता, माझ्यासमोर नोंदवहीत चढवा' असा आग्रह. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळाच फिरते, म्हणून हा आग्रह महाग पडतो. तो सोडला तर वेग वाढतो. पण वीज गेली तर शेवटच्या नोंदी जातातच, शिवाय संपूर्ण डेटाबेस दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतो.

१९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे कलम ५२ दस्त सादर झाल्याचा दिवस, वेळ व स्थळ नोंदवून पावती देण्यास सांगते. नोंद टिकेल याची हमी नसताना दिलेली पावती हा कागदाचा तुकडाच होय. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या माणसाला तो देण्याचा अधिकार मला नव्हता. एफसिंक चालूच राहील, असे मी लेखी कळवले.

मग दोष कोठे होता? लिनक्स प्रचलित मांडणीनुसार उपलब्ध स्मृतीच्या १० टक्के मजकूर साचेपर्यंत पार्श्वभूमीत लिहिण्याची घाई करत नाही आणि २० टक्के झाला की लिहिणाऱ्यालाच थांबवते. आमच्या सर्व्हरची स्मृती ६४ जीबी होती. म्हणजे सुमारे सहा जीबी मजकूर टेबलावर साचू शकत होता. पोस्टग्रेस मूळ मांडणीत दर पाच मिनिटांनी 'चेकपॉइंट' घेते, तेव्हा हा ढीग एकदम डिस्कवर कोसळे आणि प्रत्येक दस्ताची लहानशी नोंद त्याच्यामागे खोळंबून राही.

आमच्या तरुण अभियंत्याने टक्केवारी काढून पहिली मर्यादा २५६ एमबी व दुसरी १ जीबी केली, चेकपॉइंटचे काम अधिक काळावर पसरवले आणि व्यवहारांची नोंदवही स्वतंत्र डिस्कवर नेली. मर्यादा फार उतरवली तर डिस्कला लेखन एकत्र करण्यास वाव उरत नाही, म्हणून तो ती टप्प्याटप्प्याने खाली आणत गेला. खिडक्या थिजणे थांबले. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. कोणी कोणता शोध घेतला, या दुय्यम नोंदींपुरतीच 'सिंक्रोनस कमिट' ही अट शिथिल केली. त्यात शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, पण डेटाबेस बिघडत नाही.

हमीलाही सीमा असतात. लेखन फसल्यानंतर पुन्हा केलेला एफसिंक लिनक्सवर खोटेच यश कळवू शकतो, हे २०१८ साली पोस्टग्रेसच्या विकासकांच्या ध्यानात आले. २०१९ पासून अशा वेळी पोस्टग्रेस काम थांबवून आपल्या नोंदवहीवरून पुन्हा उभे राहते. म्हणून बॅकअप परत उतरवून पाहण्याला पर्याय नाही.

प्रशासनात विलंबावर टीका होते आणि ती व्हावयासच हवी. पण काही विलंब साचलेल्या ढिगाचा असतो, तर काही खात्री करून घेण्याचा. पहिला निपटून काढावा, दुसरा जपावा. या दोहोंतील भेद ओळखणे हे केवळ तंत्रज्ञावर सोपवून अधिकाऱ्याला मोकळे होता येत नाही, कारण पावतीवर सही त्याच्याच कार्यालयाची असते.