सापाची पेटी आणि मोडलेला बांध



आमच्या वस्तीवर येणारा माणूस शेडातली काचेची पेटी बघतो आणि विचारतो, "कोंबडीच्या पिल्लांना एवढी भारी पेटी? कुठनं आणली?" आणली नाही, घरीच केली. आणि खरं सांगायचं तर ती पिल्लांसाठी केलीच नव्हती. सापासाठी केली होती. त्या पेटीपायी माझी एक जुनी चूक मला कळली, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. पोरगं तेव्हा नववीत. मोबाईलवर परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघायचं, लाकडी पेट्या करून त्यात साप पाळणाऱ्यांचे. एक दिवस जेवताना म्हणालं, "पप्पा, उंदराच्या औषधावर दरसाल पैसे घालवताय. त्यापेक्षा एक धामण पाळूया. पेटीत ठेवायची, रात्री शेडात सोडायची."

मला पटलं. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, विहिरीकडच्या बाजूला कधीमधी दिसायचीही. यात काय वाईट, असं वाटलं. शिवाय स्वयंपाकघराच्या कपाटाचं काम झालं तेव्हा १२ एमएम प्लायवूडची एक अख्खी शीट उरली होती. मला सुतारकामाची हौस आहेच. बापलेक कामाला लागलो.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. तळ, छत, पाठ आणि दोन बाजू मिळून ३२ चौरस फूट होतात, म्हणजे आठ बाय चारची एक शीट जेमतेम पुरते. पुढं दोन काचा, एकमेकींवरून सरकणाऱ्या, खालीवर चॅनेल. वरून झाकण ठेवलं नाही, कारण सापावर वरून हात आला की तो घाबरतो, त्याला घार आल्यासारखं वाटतं. हवेसाठी एका बाजूला खाली भोकं आणि दुसऱ्या बाजूला वर. गार हवा खालून येते, तापलेली वरून निघून जाते. भोकांना आतून बारीक जाळी. सांध्यात सिलिकॉन. बल्ब गरम बाजूला, त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा, नाहीतर साप बल्बला गुंडाळून भाजतो. आतून रंग मारला आणि वास जाईपर्यंत तीन आठवडे पेटी उघडी ठेवली.

पोरानं वहीत यादी केली होती. पेटीत पाहिजेच अशा पाच गोष्टी:

१. एक बाजू गरम (३०-३२ अंश), एक बाजू गार (२४-२५ अंश). साप स्वतःचं अंग स्वतः तापवू शकत नाही, तो जागा बदलून ऊन-सावली साधतो.
२. लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला.
३. पाण्याचं भांडं आणि थोडी ओल, म्हणजे कात नीट निघते.
४. खेळती हवा.
५. खाणं.

पेटी तयार झाली. साप तेवढा आणायचा राहिला होता. त्याच आठवड्यात शेजारच्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात नाग शिरला. शेजारच्या गावच्या सर्पमित्राला फोन केला, त्यानं वनविभागाला कळवून नाग धरला, बरणीत घातला आणि जाताना चहाला आमच्याकडं टेकला. पेटी बघून खूश झाला. "एक नंबर काम झालंय. कशासाठी?"

पोरगं छाती फुगवून म्हणालं, "धामणीसाठी."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "बाळा, यात धामण ठेवलीस की तुझे पप्पा आत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. नाग असो, धामण असो, दिवड असो, रानातला साप धरून घरात ठेवणं गुन्हा आहे. मीसुद्धा धरला की वनविभागाला कळवतो आणि सोडून देतो."

पोरगं हटेना. "मग तिकडं अमेरिकेत कसे ठेवतात?"

"तिकडं कॉर्न स्नेक म्हणून साप आहे. मक्याच्या कोठारात उंदरांमागं सापडायचा म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. तो आता पिढ्यान् पिढ्या लोकांच्या पेट्यांतच जन्मतोय. परदेशी साप इथं ठेवायचा म्हटलं तरी सरकारकडं नोंद लागते. आणि तुझी धामण रानातली. सहा-सात फुटांची होते, तुझी पेटी चार फुटांची. दिवसभर फिरणारी जात, आणि तू म्हणतोस रात्री सोडणार. काचेवर तोंड आपटून आपटून फोडून घेईल, खाणार नाही, मरेल."

पोरगं उठून आत गेलं. मलाही वाईट वाटलं, कारण चूक पोराची नव्हती. पेटी मीच कापून दिली होती आणि कायदा विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी आबा ओसरीवर बसले होते. पोराची वही तिथंच पडली होती. आबांनी मला ती यादी वाचायला सांगितली. मी वाचली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गरम दगुड, झाडाची सावली, बिळं, पाटाचं पानी, वारा, उंदीर. हे समदं मधल्या बांधावर व्हतं की. तूच काढलास न्हवं?"

मी गप्प बसलो.

मंडळी, आमच्या दोन तुकड्यांमध्ये जुना बांध होता. लांबी ३०० फूट, रुंदी सहा फुटांच्या आसपास. दगड, बोरी, करवंद, निरगुडी, घायपात, मुंग्यांची वारुळं. १८०० चौरस फूट, म्हणजे दीड गुंठ्यापेक्षा थोडं जास्त. त्याच्या चार वर्षं आधी मे महिन्यात मी जेसीबी लावून तो सपाट केला. ट्रॅक्टर वळायला सोपं आणि दीड टन ऊस जास्त, एवढा हिशोब केला होता.

आणि आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगतो. बांध फोडताना बकेटमध्ये पांढऱ्या अंड्यांचा पुंजका आला होता. एकमेकांना चिकटलेली, मऊ कवचाची. कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नव्हतं. ड्रायव्हरनं मशीन थांबवून माझ्याकडं बघितलं. मी हातानं 'चालू दे' म्हणून खूण केली. कुठल्या सापाची होती ते आता कोण सांगणार. पण ती सापाची आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं.

आमच्या घरात नागपंचमीला औत धरत नाहीत, खणत नाहीत, आई त्या दिवशी विळीसुद्धा काढत नाही. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं मेली ती कहाणी लहानपणापासून ऐकतोय. तो एक दिवस आम्ही पाळला आणि मे महिन्यात जेसीबी लावला.

दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन रानात गेलो. संध्याकाळी एक एकरातली उंदरांची सगळी बिळं चिखलानं लिंपली. सकाळी जेवढी उकरलेली दिसली तेवढी जिवंत. ३४ भरली. उसात तीन ठिकाणी शंभर-शंभर कांड्या बघितल्या. बांध होता त्या बाजूला शंभरात ११ कुरतडलेल्या. कुरतडलेला ऊस आडवा होतो, रोग शिरतो, वजन घटतं. दीड टन जास्त मिळवायला गेलो आणि किती घालवला ते मोजलंच नव्हतं.

मग पोराला म्हणालो, "तुझी पेटी मोठी करूया. तीनशे फूट लांब, वर झाकण नाही."

आता इथं खरी अडचण आली. आमची कारभारीण ठाम नाही म्हणाली. तिच्या भावाला सोयाबीन काढताना घोणस चावली होती. नऊ दिवस दवाखान्यात, किडनीवर परिणाम झाला, डायलिसिस करावं लागलं. माणूस वाचला, पण ते नऊ दिवस तिनं काढलेत. ती म्हणाली, "धामणीला पत्ता दिलास की तोच पत्ता घोणसलाबी मिळतो. उंदीर दोघींना पाहिजेत."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. तिचं बरोबरच आहे. पण उंदीर जास्त झाले की ते शेडात येतात आणि त्यांच्यामागं साप घरापर्यंत येतो, हेही तितकंच खरं. शेवटी तिच्या अटींवर काम केलं. त्या अटी सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून लिहितो:

– घरापासून लांबचाच टोकाचा भाग घ्यायचा. पूर्ण तीनशे फूट नाही, आधी शंभर फूट.
– घराभोवती जळण, विटा, कडब्याची गंजी भिंतीला लावून ठेवायची नाही. शेडातलं सांडलेलं धान्य रोज झाडायचं.
– पाण्याच्या व्हॉल्व्हकडं जाणारी वाट बांधाजवळून नको. वाटेवरचं गवत कायम कापलेलं.
– रात्री बॅटरीशिवाय आणि गमबुटाशिवाय रानात पाय नाही. गवतात हात घालायच्या आधी काठी.
– ज्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असते त्याचा नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात. आपल्याकडं मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. चावल्यावर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मांत्रिकाकडं अर्धा तास घालवायचा नाही. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना.

उन्हाळ्यात विहिरीचे दगड आणून टोकाला ढीग रचला, मध्ये पोकळ्या ठेवल्या. बाभळीची दोन जुनी खोडं आडवी टाकली. पावसाळ्यात निरगुडी आणि बोरी लावल्या, घायपाताचे कंद लावले. ठिबकचा एक ड्रीपर तिथं सोडला. पाचट जाळायचं बंद केलं, कुट्टी करून सरीतच ठेवतो. शेवग्यावरची फाटकी नायलॉन जाळी गोळा केली, कारण त्यात साप अडकून मरतात.

औषध पूर्ण बंद केलं असं नाही, खोटं कशाला सांगू. पण पद्धत बदलली. आधी दोन-तीन दिवस बिनविषाचा भरडा ठेवून उंदरांना सवय लावायची, मग झिंक फॉस्फाईड फक्त जिवंत बिळाच्या आत टाकून तोंड बुजवायचं. उघड्यावर काही नाही. सकाळी फिरून मेलेले उंदीर उचलून खोल पुरायचे. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध तर आम्ही बंदच केलं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त फिरतो आणि असाच उंदीर घुबडाच्या, मांजराच्या तोंडी लागतो.

या दिवाळीला परत तीच बिळं लिंपली. ३४ ची १९ झाली. सगळं श्रेय सापाला देणार नाही. औषध नीट टाकलं, पाचट उकरून बिळं मोडली, बांधावर दोन घुबडंही बसायला लागलीत. एका वर्षावरून निकाल काढू नये हे मला कळतं. कृषी अधिकारी मंडळी या पानावर आहेत, त्यांनी सांगावं मोजण्यात काय चुकतंय.

गेल्या महिन्यात पोरानं रानातून हाक मारली. दगडांच्या ढिगात कात होती, सलग, सहा फुटांच्या वर. त्यानं हात लावला नाही. सर्पमित्राला फोटो पाठवला, तो म्हणाला धामणीची. कात तिथंच ठेवली. पंधरा दिवसांनी कारभारणीनं त्याच बाजूला कुकरच्या शिट्टीसारखा आवाज ऐकला आणि जागेवरूनच मागं फिरली. घोणस. संध्याकाळी मला एवढंच म्हणाली, "सांगितलं होतं मी." पण बांध मोड असं काही म्हणाली नाही. उरलेल्या दोनशे फुटांचं मात्र अजून विचारायचं धाडस झालेलं नाही.

पेटीचं काय झालं ते राहिलंच. रिकामी पेटी बघून पोरगं कुढत होतं. मग त्यात तळाला भाताचं तूस घातलं, साठचा बल्ब लावला आणि गावरान कोंबडीची एक दिवसाची पिल्लं सोडली. गार वाटलं की बल्बखाली येतात, गरम झालं की लांब सरकतात. पोरगं काचेसमोर बसून बघत होतं. म्हणालं, "पप्पा, एक नंबरचा मुद्दा ह्यांनापण लागू आहे." गेल्या खेपेला २५ पैकी २३ जगली.

तुमच्या भागात बांध राहिलेत का? त्यावर काय काय दिसतं ते खाली लिहा. साप घरात निघाला तर मारू नका, लांब उभं राहून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा. आणि मे महिन्यात जेसीबी लावणार असाल तर आधी एकदा बांधावरून चालत जाऊन या.

राम राम.