विंचवाचं बिऱ्हाड, हायवे नंबर एक

बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे भारतातून आई-वडील आले, की त्यांना दाखवायच्या स्थळांची यादी जवळजवळ ठरलेलीच असते. गोल्डन गेट, योसेमिटी, लिव्हरमोरचं देऊळ, आणि सुट्टी जमली तर लास व्हेगास व ग्रँड कॅन्यन. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ही यादी संपते. मग पाहुणे दिवसभर घरात, आपण ऑफिसात, आणि संध्याकाळी "आज काय केलंत?" या प्रश्नाला "काही नाही रे, बसलो होतो" हे उत्तर.

आई गेल्यापासून माझे वडील दर वर्षी तीन-चार महिने आमच्याकडे असतात. वय अठ्ठ्याहत्तर, प्रकृती ठणठणीत, पण दोन सवयी पक्क्या. बाहेरचं जेवण सलग दोन दिवस चालत नाही, आणि पहाटे पाचला स्वतःच्या हातचा चहा लागतो. मोटेलच्या खोलीत या दोन्हींची पंचाईत. त्यामुळे सौ.नं जेव्हा सुचवलं, की या स्प्रिंग ब्रेकला कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊन हायवे वननं खाली मॉरो बेपर्यंत जाऊ या, तेव्हा मला ती कल्पना एकदम पटली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं आपलं बिऱ्हाड चाकांवर! मुलगी बारा वर्षांची. तिला छतावर उघडणारा तंबू मिळणार म्हटल्यावर तिचं मत विचारायचीही गरज उरली नाही.

कॅम्परव्हॅन म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उंच व्हॅन, आत दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज, बेसिन आणि रात्री पलंग होणारी बाकं. आमच्या गाडीचं छप्पर वर उचललं जाई आणि तिथे दोघांची झोपायची सोय होई. वर सौ. आणि मुलगी, खाली बाबा आणि मी. कॅलिफोर्नियात अशी गाडी चालवायला आपलं नेहमीचं लायसन्स चालतं. भाड्याचा करार मात्र चष्मा लावून वाचावा. आपला रोजचा कार इन्शुरन्स अशा गाडीला लागू होतोच असं नाही, आणि दिवसाला ठरावीक मैलांच्या वर गेलं तर बहुतेक ठिकाणी प्रत्येक मैलाचे जादा पैसे पडतात. शिवाय 'वाटेत कुठेही थांबू आणि झोपू' हे जाहिरातीतलं चित्र विसरा. बिग सरच्या भागात हायवेच्या कडेला रात्री गाडीत झोपायला बंदी आहे आणि दंड जबर आहे. स्टेट पार्कमधल्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आणि चांगल्या जागा हां हां म्हणता संपतात.

गाडी ताब्यात घेताना तिथल्या मुलानं सगळी बटणं दाखवली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी किती?" उत्तर आलं, वीस गॅलन. म्हणजे सुमारे पंचाहत्तर लिटर, आपल्या हिशोबात चार-पाच बादल्या. माणसं चार. सांडपाण्याची टाकी वेगळी, आणि ती भरली की वरची टाकी भरलेली असून उपयोग नाही. बाबांनी खिशातली डायरी काढून त्यात दोन रकाने आखले आणि पाण्याचं खातं स्वतःकडे घेतलं.

बाबा पी.डब्ल्यू.डी.त होते. १९७२ साली नोकरीला लागले आणि बरीच वर्षं रायगड-रत्नागिरीच्या घाटरस्त्यांवर काढली. सुरुवातीच्या दिवसांत तंबूत राहायचे, पाणी कावडीनं यायचं. भांडी आधी कागदानं पुसायची, मग ओल्या फडक्यानं, आणि शेवटी पाण्याचा एकच हात. ही पद्धत त्यांनी माझ्या मुलीला शिकवली. घरी शॉवरखाली वीस मिनिटं उभी राहणारी आमची कन्या दुसऱ्या दिवसापासून "आई, नळ बंद कर, आबा लिहितायत" म्हणून दरडावू लागली. व्हॅनचा पहिला फायदा हाच. पाणी, वीज आणि गॅस कुठून येतो आणि कधी संपतो, हे पोरांना लेक्चर न देता समजतं.

पहिली रात्र माँटेरेजवळ काढून दुसऱ्या दिवशी सकाळी कार्मेल सोडलं. इथून दक्षिणेला जाण्याचा एक फायदा आहे. समुद्र उजव्या हाताला, म्हणजे आपल्याच लेनच्या बाजूला राहतो आणि थांबण्याच्या जागांत सरळ शिरता येतं. कॅलिफोर्नियाचा कायदाही लक्षात ठेवावा. दोन लेनच्या रस्त्यावर आपल्यामागे पाच किंवा जास्त गाड्या साठल्या आणि ओव्हरटेकची सोय नसली, तर टर्नआउटला बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी लागते. आम्ही इतक्यांदा बाजूला झालो, की शेवटी मुलगी मोजायची थांबली.

कार्मेलपासून साधारण तेरा मैलांवर बिक्सबी ब्रिज लागतो. हा पूल १९३२ साली पुरा झाला. काँक्रीटची एकच कमान, ३२० फूट लांब, आणि पूल खालच्या ओढ्यापासून २६० फुटांहून उंच. सगळे जण तिथे फोटो काढतात, आम्हीही काढले. बाबा मात्र काठावर उभे राहून खालचे खडक बघत होते. "खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकलं नसतं, म्हणून काँक्रीट," ते म्हणाले. मी नंतर वाचलं, तर पोलादाऐवजी काँक्रीट निवडण्यामागे खरोखरच तेही एक कारण होतं.

कार्मेल ते सान सिमियन हा रस्ता १९३७ साली खुला झाला. त्याला सुमारे अठरा वर्षं लागली. बरंचसं काम तुरुंगातल्या कैद्यांनी केलं. त्यांना दिवसाला ३५ सेंट मजुरी मिळे आणि शिक्षेत सूट मिळे. ही माहिती वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "बांधून झाला कधी ते कळलं. राखायला कोण आहे?"

या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दीडशे किलोमीटरांत पसरलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर या लेखाचं कारणही तेच. हायवे वनला आपण 'सीनिक रोड' म्हणून ओळखतो. प्रत्यक्षात तो आपल्या वरंधा घाटाचा समुद्राकाठचा भाऊ आहे. सांता लुसिया डोंगर सरळ पॅसिफिकमध्ये उतरतो, खडक ठिसूळ, खालून लाटा पायथा खातात आणि वरून हिवाळ्याचा पाऊस. दरड कोसळणं हा इथे अपघात नाही, हवामान आहे.

फायफर बिग सर पार्कमध्ये रेडवूडच्या झाडांखाली रात्र काढली. कुकरच्या शिट्टीनं शेजारच्या तंबूतलं कुत्रं भुंकायला लागलं, पण आमटी-भाताचा वास गेल्यावर त्याचे मालकच चौकशीला आले. त्यांना थालीपीठ दिलं. सकाळी पुढे निघालो, तर लगेच फायफर कॅन्यनचा पूल. २०१७ च्या फेब्रुवारीत पावसानं डोंगर सरकला आणि जुना पूल खचला, तो पाडावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवा पूल वाहतुकीला खुला झाला. पोलादी तुळया, आणि मध्ये एकही खांब नाही, कारण दरीचा उतार विश्वासाचा नाही. "खांबच नको, म्हणजे सरकायला काही उरत नाही," बाबांनी पसंतीची मान हलवली.

मधल्या त्या आठ महिन्यांत पुलापलीकडची वस्ती अक्षरशः बेट झाली होती. दक्षिणेकडेही दरडी. सामान हेलिकॉप्टरनं येत होतं, आणि पुढे जंगलातून एक पायवाट काढल्यावर मुलं तिच्यावरून चालत शाळेकडे येत होती. हे ऐकेपर्यंत माझ्या मुलीचा सूर "इतका पडतो तर हा रस्ता बंदच का करत नाहीत?" असा होता. पायवाटेची गोष्ट ऐकल्यावर ती गप्प झाली.

पुढे मॅकवे धबधबा. ऐंशी फुटांवरून पाणी सरळ वाळूवर पडतं, कॅलेंडरवर शोभणारं दृश्य. पण ती वाळू चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिथे नव्हती. धबधबा थेट समुद्रात पडत असे. १९८३ साली शेजारी मोठी दरड कोसळली, रस्ता मोकळा करताना ढिगारा समुद्रात गेला, आणि लाटांनी त्याचा किनारा केला. आज असं करता येत नाही, कारण १९९२ पासून इथला समुद्र संरक्षित आहे. त्यामुळे डोंगरावरून आलेली माती कुठे ठेवायची हाच आता इंजिनियरांचा मोठा प्रश्न असतो.

त्यापुढे रॅट क्रीक. २०२० साली वरचं जंगल जळलं, झाडांची मुळं गेली, आणि २०२१ च्या जानेवारीत एका वादळी पावसात चिखल-ओंडक्यांच्या लोंढ्यानं रस्ताच समुद्रात नेला. आधीपेक्षा मोठी मोरी घालून तीन महिन्यांत पुन्हा भराव केला. मग रीजंट्स स्लाइड आणि पॉल्स स्लाइड. २०२३ च्या जानेवारीत पॉल्स स्लाइडनं रस्ता तोडला, तो मोकळा होण्याआधी २०२४ च्या फेब्रुवारीत रीजंट्स कोसळली. तिथे माणसांना उतारावर पाठवणं धोक्याचं म्हणून रिमोट कंट्रोलवरचे बुलडोझर वापरले, आणि डोंगर शिवून काढावा तशा पोलादी सळया ठोकल्या. हा रस्ता पुन्हा सलग सुरू झाला तो २०२६ च्या जानेवारीत, म्हणजे तीन वर्षांनी.

तिसरी रात्र कर्क क्रीकला. समुद्रावरच्या कड्यावरचं कॅम्पग्राउंड, पिण्याचं पाणी नाही, वीज नाही, फोनला सिग्नल नाही. बाबांच्या डायरीप्रमाणे आमच्याकडे अठ्ठावीस लिटर शिल्लक होतं. पिठलं-भात केला, भांडी पुसून ठेवली. अंधार पडल्यावर बाबा बोलायला लागले. फोन नसल्यामुळे ऐकायला आम्ही तिघंही होतो.

पावसाळ्यात ते घरी का नसत, हे मला लहानपणी एवढंच माहीत होतं, की 'बाबा घाटात आहेत'. त्या रात्री पहिल्यांदा तपशील कळला. कुठल्या वळणावर पाणी आधी गढूळ होतं, झाड वाकडं झालं की काय ओळखायचं, रात्री दोनला दगड हलवताना एस.टी.च्या ड्रायव्हरला काय सांगायचं. आणि २००५ चा जुलै. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि सुमारे दोनशे माणसं गेली. बाबांची निवृत्ती वर्षावर आली होती. ढिगाऱ्यापर्यंत मशीन पोचवायला आधी रस्ता मोकळा करायचा, ते त्यांच्या टोळीचं काम. "आम्ही पोचलो तेव्हा उपयोग संपला होता," एवढंच म्हणाले. मुलीनं त्यांच्या अंगावर ब्लँकेट टाकलं.

चौथ्या दिवशी मड क्रीक. २० मे २०१७ रोजी इथे सबंध डोंगरउतार समुद्रात घसरला आणि किनाऱ्याला चक्क नवी जमीन जोडली गेली. हालचाल वाढल्याचं आधीच दिसल्यामुळे कामगार बाजूला काढले होते, म्हणून कोणी दगावलं नाही. दरड उपसण्याऐवजी कॅल्ट्रान्सनं तिच्यावरूनच रस्ता नेला. पायथ्याशी समुद्राला तोंड देणारे मोठे दगड, वर बांध आणि जाळ्या. खर्च सुमारे ५४ मिलियन डॉलर, आणि १८ जुलै २०१८ ला रस्ता सुरू. बाबा टर्नआउटला उतरून बराच वेळ बघत राहिले. जाळ्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. २००३ आणि २००४ च्या अपघातांनंतर कोकण रेल्वेच्या कटिंगांवर तशाच जाळ्या बसल्या आणि पावसाळ्यात गाड्या सावकाश धावू लागल्या.

"इथे खाली गाव नाही," ते शेवटी म्हणाले. मला वाटतं, त्या एका वाक्यात सगळा फरक आला. इथला डोंगर पडतो तेव्हा रस्ता जातो. सह्याद्रीचा पडतो तेव्हा पायथ्याला वाडी असते. २०२१ साली तळियेला तेच झालं. रडार, ड्रोन आणि हालचाल मोजणारी यंत्रं खरी गरजेची आहेत ती तिथे. आपल्यात इंजिनियरांची काही कमी नाही, आणि आपल्या मंडळाच्या पिकनिकला निम्मे लोक सेन्सरमध्येच काम करतात. गावाकडे मदत पाठवताना मूर्ती-मंडपाबरोबर याचाही विचार व्हावा, असं मला वाटतं.

पुढे पिएद्रास ब्लांकासला एलिफंट सील पाहिले. १९९० पासून या किनाऱ्यावर त्यांनी वस्ती केली आहे. वसंतात कात टाकायला माद्या आणि पिल्लं येतात आणि वाळूत लोळत पडतात. "हे बरं, यांना ऑफिस नाही," इति सौ. मॉरो बेला पोचलो तेव्हा टाकीत नऊ लिटर पाणी होतं. डायरीतला हिशोब आणि गाडीचा काटा जुळला. मुलीनं त्या पानाचा फोटो काढला, पुलाचा काढला होता तितक्याच काळजीनं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी चार रात्री तरी ठेवाव्यात. कार्मेलला टाकी भरून घ्या, वाटेत पेट्रोल फार महाग आहे. खिडकी उघडी ठेवल्याशिवाय शेगडी पेटवू नका. शक्य असेल तर आजी-आजोबांना घेऊन जा, आणि त्यांना खिडकीची जागा द्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे की नाही याची कॅल्ट्रान्सकडे चौकशी करा. बंद असला तर चिडू नका. पुढच्या वळणावर कोणाचा तरी बाप काम करत असेल.