पिल्लू, कुंडी आणि मुलचेरा

जानेवारीअखेर पुण्यात आहात? मग मॉल राहू द्या, रेसकोर्सजवळचं एम्प्रेस गार्डन गाठा! २६ जानेवारीच्या आसपास इथे दरवर्षी पुष्पप्रदर्शन भरतं. भरवणारी संस्था थेट १८३० सालची. ३९ एकरांच्या बागेत फुलं, बोन्साय आणि माझ्यासारख्यांचा खिसा रिकामा करणारे रोपांचे स्टॉल.

यंदा मी ब्रोमेलियाडवर फिदा झाले. हे अननसाचं अमेरिकन भावंड. पानांची वाटी, मधोमध लालभडक तुरा. ‘पाणी वाटीत घाला. जंगलात यातल्या कितीतरी जाती झाडावरच राहतात, पण बांडगुळासारखा रस शोषत नाहीत,’ स्टॉलवाले काका म्हणाले. मला एकदम मुलचेरा आठवलं. गडचिरोलीतलं माझं गाव. तिथे झाडाच्या खोडावर रास्नाची आमरी अशीच ऐटीत बसलेली असते.

‘पण ताई, हे फुलतं एकदाच. मग आईझाड हळूहळू वाळतं. बुडाशी पिल्लं येतात. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झालं, की वेगळं करा.’

रात्री फोनवर आईला हे सगळं कौतुकानं सांगितलं. ‘त्यात काय नवल? केळीचंबी तसंच रायते. मुनवे दुसरीकडे लावाच लागते,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘होळीले तरी येशीन नं?’

दिवाळीला मी डेडलाइनचं कारण दिलं होतं.

कुंडी आता ऑफिसच्या टेबलावर आहे. होळीत वाटीत पाणी घालायला शेजारच्या क्युबिकलवालीला सांगितलंय. तिकीटही काढलंय : बल्लारशाहपर्यंत रेल्वे, पुढे एसटी.